खोब्रागडेंचा न पाहिलेला स्फटिक

लखनऊच्या महानगर भागात, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या हिवाळ्यात एकच बातमी घरोघरच्या रजईत शिरून बसली होती: वरच्या मजल्यावरचे खोब्रागडे घरात दारू गाळतात. बातमी हवेतली नव्हती, तिला साक्षीदार होता. खालच्या मजल्यावरच्या माणिकवहिनी जगदाळे विरजण मागायला वर गेल्या. मायाबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी फ्रिजमधून घ्या म्हटलं. वहिनींनी दार उघडलं, तर लिंबाच्या लोणच्याला खेटून एक जांभळी बाटली. पिकल्या जांभळाचा रंग, वर बूच घट्ट. त्यात कपाटावर ग्लुकोजचे डबे एकावर एक रचलेले. आणि स्वतः खोब्रागडे रविवारी दुपारी कामावरून परतत ते लाल डोळ्यांनी, उन्हात आले की वटवाघळासारखे मिचमिचत. साखर आहे, रंग आहे, डोळे आहेत. माणिकवहिनींचे यजमान फौजेत सुभेदार. ज्या घरात कॅन्टीनची रम येते त्या घरच्या बाईला यातलं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवून ठेवलं नाही.

बातमी छावणीत जाऊन धष्टपुष्ट होऊन आली आणि मराठी मंडळाच्या सहलीत, रेसिडेन्सीच्या हिरवळीवर, पुरीभाजीच्या पंगतीत थेट मायाबाईंच्या पुढ्यात येऊन बसली. मायाबाई दूरसंचार खात्यात होत्या. दिवसभर लोकांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला तोडताही येतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाटलीत दारू नाही, जंतू आहेत. जंतूही नाहीत खरं तर, जंतूंची नुसती कातडी. सांभरच्या मिठागरात वाढणारे जंतू, त्यांच्या अंगावरचा जांभळा पापुद्रा, आमच्या साहेबांच्या संशोधनाचा. आणि ती बाटली लोणच्याशेजारी कशाला, तर प्रयोगशाळेकडची वीज गेली की ती आमच्या फ्रिजात आणि महानगरची गेली की तिकडच्या फ्रिजात. स्कूटरच्या डिकीतून त्या बाटलीने जेवढं लखनऊ पाहिलं तेवढं आम्ही नाही पाहिलं.

माणिकवहिनींनी त्याच फ्रिजातलं विरजण नेलं होतं, त्याची कढी अख्ख्या घराने ओरपली होती. दारू परवडली असती, असं त्या दिवशी एकीपेक्षा जास्त जणींच्या मनात येऊन गेलं.

तर हे राजरत्न खोब्रागडे. मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे, शिक्षण नागपूरला, नोकरी लखनऊत एका सरकारी प्रयोगशाळेत. अंगाने किरकोळ, बोलायला सावकाश, स्कूटर चालवायला त्याहून सावकाश. गल्लीतल्या म्हशीसुद्धा त्यांना ओव्हरटेक करत. माणसात खोट म्हणाल तर एकच. त्यांना पाहिल्याशिवाय राहवत नसे. कुलूप लावलं की ओढून पाहायचं, चार पावलं जाऊन परत येऊन पाहायचं. पत्र पेटीत टाकलं की फटीतून आत पाहायचं. दूध उतू जाऊ नये म्हणून त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि भात शिजताना दर थोड्या वेळाने झाकण उचलायचं. त्यांच्या मुलीला, अवनीला, मराठी सगळं समजे, पण तक्रार हिंदीतूनच यायची: "मम्मी, पापा फिर ढक्कन खोल रहे हैं।" मग मायाबाई आतून म्हणत, "काहून पाहता हो सारखं? तो भात आहे, पळून नाही जात."

आता अशा माणसाच्या कपाळी काम काय यावं?

काम असं होतं की त्या जांभळ्या पापुद्र्यात एक प्रथिन असतं. उन्हावर जगणारं. ते कसं दिसतं, त्याच्या कुठल्या वळणात काय बसलंय, हे खोब्रागडेंना शोधायचं होतं. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही, फार बारीक पडतं. पण एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पापुद्र्यात हे प्रथिनाचे रेणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे ओळीत, समान अंतरावर उभे असतात. म्हणजे तो पापुद्रा हाच एक स्फटिक, फक्त एका थराचा. त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की पलीकडच्या फिल्मवर ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने रेणूचा आकार काढता येतो. मायाबाईंनी हे हिरवळीवरच माणिकवहिनींना दोन वाक्यांत समजावलं होतं. ठिपक्यांची रांगोळी असते ना, तशी. ठिपके फिल्म देते, रेघा यांनी ओढायच्या.

आणि ग्लुकोज? यंत्राच्या पोटात हवा नसते. ओला पापुद्रा आत घातला की पाणी उडून तो सुकतो, चुरगळतो, रांगा मोडतात. म्हणून पाण्याच्या जागी साखर भरायची. साखरेच्या पाण्याचा एक थेंब, टीपकागदाने टिपून घ्यायचा, की पापुद्रा आहे त्या आकारात राहतो. हे ऐकून माणिकवहिनींचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"अच्छा, म्हणजे जंतूंचा पेठाच की हो," त्या म्हणाल्या.

खोब्रागडे पलीकडे संत्रं सोलत बसले होते. त्यांनी जरा विचार केला आणि मान्य केलं. पुढे प्रयोगशाळेतही तेच नाव पडलं.

पण थेंबभर साखरेला डब्यांची रास कशाला, हे काही मायाबाईंनी मंडळात सांगितलं नाही, कारण त्यामागे दुःख होतं. पाच-सहा वर्षं खपूनही खोब्रागडेंना हवी तशी फिल्म मिळाली नव्हती. ठिपके येत, नाही असं नाही. मधले, केंद्राजवळचे, छान ठसठशीत येत. पण कडेचे येत नसत, आणि सगळी मेख कडेच्या ठिपक्यांत. मधल्या ठिपक्यांवरून रेणूचा नुसता ढोबळ गोळा कळतो, दुरून माणूस दिसावा तसा. नाकडोळे हवे असतील तर कडेपर्यंत ठिपके पाहिजेत. ते यावेत म्हणून त्यांनी काय नाही केलं. पाण्याला दोष दिला, पाणी बदललं. विजेच्या दाबाला दिला. शेजारच्या वर्कशॉपच्या धडधडीला दिला आणि रविवारी सकाळी, वर्कशॉप बंद असताना, काम सुरू केलं. शेवटी ग्लुकोजवर संशय घेतला. प्रयोगशाळेतलं जुनं झालं असेल म्हणून बाजारातल्या औषधाच्या दुकानातून डबा आणला, मग दुसऱ्या कंपनीचा, मग तिसऱ्या. ठिपके होते तिथेच थांबत. उरलेलं ग्लुकोज अवनी उन्हाळाभर सरबत करून प्यायली.

जानेवारीत त्यांचे वरिष्ठ डॉ. रिज़वी यांनी त्यांना बोलावलं. रिज़वीसाहेब अस्सल लखनवी. समोरच्याचा गळा कापायचा असेल तर आधी त्याला चहा पाजतील, आणि कापून झाल्यावर तकलीफ तर नाही ना झाली, विचारतील. चहा आला तेव्हाच खोब्रागडे काय ते समजले. साहेबांनी हळू आवाजात सांगितलं ते असं. मार्चच्या सुरुवातीला दिल्लीहून समिती येते आहे. कडेपर्यंत ठिपके असलेली एक फिल्म, फक्त एक, समोर ठेवता आली तर प्रकल्प आणखी चालेल. नाहीतर सूक्ष्मदर्शकाचा सगळा वेळ इतर विभागांना जाईल, आणि खोब्रागडेंना औषधाच्या गोळ्यांच्या तपासणीत घेतलं जाईल. तिथे गोळी पाण्यात टाकायची आणि ती किती वेळात विरघळते ते पाहत बसायचं असतं.

पाहत बसायचं काम म्हटल्यावर हा माणूस खूश व्हायला हवा होता, असं कुणाला वाटेल. पण त्या संध्याकाळी खोब्रागडे घरी आले आणि भात शिजत असताना स्वयंपाकघरात फिरकलेसुद्धा नाहीत. मायाबाईंनी तेव्हाच ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय. जेवताना त्यांनी काढून घेतलं. पवनीला मोठ्या भावाने दुकान घालून देतो म्हटलं होतं, त्याला नकार देऊन आपण शिकलो, एवढ्या लांब आलो, आणि आता गोळ्या विरघळताना पाहायच्या, असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मायाबाईंनी वरण वाढलं.

आता त्यांची काम करायची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं होतं. इलेक्ट्रॉनचा झोत म्हणजे स्फटिकाला जाळणारं ऊन. तो जितका लख्ख, तितक्या लवकर रेणूंच्या रांगा विस्कटतात, आणि आधी जातात ते कडेचे बारीक ठिपके. म्हणून झोत अगदी मंद ठेवायचा. इतका मंद की पडद्यावर काही दिसतंय हे कळायला आधी अंधारात बसून डोळे मुरवावे लागतात. मग त्या हिरवट अंधुकात कुठेतरी दुधावरच्या सायीसारखी एक फिकट सावली सरकते. तो पापुद्रा. तो मध्ये आणायचा आणि फिल्मवर घ्यायचा. बस. निरखायचं नाही. हे खोब्रागडे स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत, फळ्यावर आकृती काढून, इतकं छान की मागच्या बाकावरचेही जागे राहत.

पण अंधारात, एकटे, डाव्या हाताशी उजेड वाढवायची खुंटी. ती सावली पापुद्र्याचीच आहे ना? दुमडलेली तर नाही? दोन एकावर एक तर नाही बसलेले? फिल्म वाया जायला नको. आणि हात खुंटीवर जाई. किंचित फिरवायची, क्षणभर लख्ख पाहायचं, खात्री झाली की परत मंद करून फोटो. चोरून लाडू खाणारा जसा तो लाडू मोजत नाही, तसं ते ही नजर मोजत नसत. त्यांच्या हिशेबात फोटोला लागलेला झोत तेवढा झोत, ही तर नुसती खात्री.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्यांनी सकाळी काम लावलं. धुकं असं की निशातगंजच्या पुलावर स्वतःच्या स्कूटरचा दिवा दिसत नव्हता. काम ठीक चाललं. एक सावली मध्ये आणली, हात खुंटीकडे निघाला, आणि तेवढ्यात विजेचा दाब सांभाळणारं यंत्र कोपऱ्यात कण्हू लागलं. लखनऊत राहणाऱ्याला तो सूर समजावून सांगावा लागत नाही. वीज आता जाणार. खात्री करायला वेळ नव्हता. त्यांनी सरळ फोटो घेऊन टाकला आणि पुढच्या श्वासाला सगळं अंधारलं. ही एक फिल्म फुकट गेली, असं त्यांनी मनाशी धरलं.

सोमवारी फिल्म्स धुऊन खिडकीच्या काचेवर ओळीने चिकटवल्या. नेहमीचंच चित्र, मधे ठिपके, कडेला काळोख. आणि फुकट गेलेल्या फिल्मवर मात्र कडेपर्यंत, अगदी कोपऱ्याच्या आत, बारीक मोहरीसारखे ठिपके. एका बाजूला चित्र फिसकटलं होतं, वीज जाताना झोत हलला होता, म्हणून समितीला दाखवण्याजोगी नव्हती. पण ठिपके होते.

खोब्रागडे त्या खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. आधी त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाची फिल्म मिसळली. मग वाटलं, ग्लुकोजची तिसरी कंपनी. मग त्यांना आठवलं की ही एकच फिल्म अशी आहे जिच्या आधी त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. कागद घेऊन त्यांनी पहिल्यांदा त्या क्षणभराच्या खात्रीचा हिशेब केला. फोटोला जेवढा झोत लागतो त्याच्या कितीतरी पट झोत त्या एका नजरेत गेला होता. म्हणजे इतकी वर्षं ते स्फटिक आधी भाजत होते आणि मग त्याचा फोटो काढत होते. मधले ठिपके टिकून राहत, म्हणून मेलेला जिवंत वाटे.

घरी येऊन त्यांनी मायाबाईंना हे सांगितलं. मायाबाई हसल्या नाहीत. हसू आलं असणार, पण त्यांनी ते मेथी निवडण्यात घालवलं.

"मग आता नका पाहू," त्या म्हणाल्या.

"ते मला कळतंय गं. हाताला कळत नाही."

आणि खरंच कळलं नाही. पुढच्या रविवारी सगळं ठरवून गेले, आणि अंधारात पहिली सावली आली तसा हात आपसूक खुंटीवर. दुसऱ्या वेळी हात मांडीखाली दाबून ठेवला, तो कधी निघाला त्यांनाच कळलं नाही. तिसऱ्या वेळी स्वतःवर चिडून उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभे राहून शेंगदाणे खाल्ले. समितीला दोन आठवडे उरले होते. खुंटी काढून ठेवावी तर यंत्र सगळ्यांचं, आणि मंद झोतही तिनेच लावायचा. कुणाला शेजारी बसवून हात धरायला सांगावं, तर मोठ्या शास्त्रज्ञाचा हात धरणार कोण.

त्या सोमवारी संध्याकाळी माणिकवहिनींचं दार वाजलं. दारात खोब्रागडे, मफलर गुंडाळून, अवघडलेले. सुभेदार लक्ष्मीकांत जगदाळे तेव्हा नुकतेच हिमनदीवरची ड्यूटी संपवून सुट्टीवर आले होते आणि गच्चीवर त्यांचे बर्फातले कपडे वाळत पडत. खोब्रागडेंनी चहा घेतला, हवेची चौकशी केली, छावणीत क्वार्टर कधी मिळणार विचारलं, आणि मग म्हणाले की तुमचा तो बर्फातला हातमोजा, जाडा, बोटं वेगळी नसलेला, रविवारपुरता द्याल का? फक्त डावा.

सुभेदार फौजी माणूस. मागणीमागचं कारण विचारायची सवय नाही. उठून दिला. वहिनींना मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. महानगरात बर्फ नाही. दोन हातांचा माणूस एकच मोजा नेतो. आणि तोही डावा. दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी होती की ते जंतू कातडी खातात आणि खोब्रागडेंचा डावा हात गेला. भाजीवाल्या भैयाने मायाबाईंना फार जपून विचारलं, साहब का हाथ अब कैसा है. मायाबाईंनी सांगितलं की सुधारतोय.

समितीच्या आधीचा शेवटचा रविवार. खोब्रागडेंनी झोत मंद केला, मग डाव्या हातात मोजा चढवला आणि मायाबाईंनी दिलेल्या नाडीने मनगटाशी बांधून घेतला. गाठ त्यांनी घरून शिकून घेतली होती, एका हाताने सुटत नाही अशी. दिवे घालवले. अंधारात डोळे मुरले. सावली आली.

डावा हात निघाला. नेहमीसारखाच निघाला, आपला आपण, आणि खुंटीवर जाऊन आदळला. मोज्यातून खुंटी हाताला लागेना, पकडता येईना, रजईतून सुई शोधावी तसं झालं. खोब्रागडे थांबले. ही सावली दुमडलेली असली तर? काचेवरचा डाग असला तर? मग मार्चनंतर सगळा जन्म ग्लासात गोळ्या. त्यांना एवढंच कळत होतं की खात्री करता येणार नाही, आणि न करता फोटो घ्यावा लागणार. उजव्या हाताने त्यांनी बटण दाबलं. पुढची सावली, परत बटण. त्या दिवशी त्यांनी एकही स्फटिक नीट पाहिला नाही. दुपारी बाहेर आले तेव्हा मोज्यातला हात घामाने निथळत होता आणि बाहेर लोक अजून स्वेटर घालून हिंडत होते.

सोमवारी काचेवर फिल्म्स लागल्या. बऱ्याचशा खरंच वाया होत्या. दोन पापुद्रे दुमडलेले निघाले, एका ठिकाणी तर नुसता साखरेचा डाग. ज्या चुकांची भीती होती त्या सगळ्या चुका तिथे हजर होत्या. पण दोन फिल्म्सवर कडेपर्यंत ठिपके होते, स्वच्छ, आणि त्यांतली एक तर अशी की रिज़वीसाहेबांनी ती हातात घेतली, खिडकीशी नेली आणि म्हणाले, "खोब्रागडे साहब, चाय तो आज हम आपके हाथ की पिएँगे।" खोब्रागडेंनी चहा स्वतः केला आणि तो उकळताना तीनदा झाकण उचलून पाहिलं. तेवढी मुभा त्यांनी स्वतःला दिली होती.

समिती आली, ठिपके पाहिले, आपसात इंग्रजीत बोलली आणि गेली. प्रकल्प चालू राहिला. रेघा ओढायचं काम पुढे कित्येक वर्षं पुरलं, पण गोळ्यांच्या तपासणीत खोब्रागडे काही गेले नाहीत.

मोजा परत द्यायला दोघं नवराबायको खाली आले, सोबत वाटीभर तिळाची चटणी. त्या फिल्मची एक मोठी प्रतही आणली होती, सुभेदारांना दाखवायला, त्यांचा मोजा कामी आला म्हणून. माणिकवहिनींनी आधी भाऊजींचा डावा हात नीट तपासला. पाची बोटं होती. मग त्यांनी ते ठिपके उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले. मायाबाईंनी मोज्याची सगळी हकीकत सांगितली. अंधार, खुंटी, नाडीची गाठ. सुभेदार मान डोलावत राहिले. वहिनींना मात्र यात भलतीच फसवणूक वाटली. पदर सावरत त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, इतकी वर्षं ज्याच्या पाठीमागे लागलात, त्याला तुम्ही एकदासुद्धा धड पाहिलं नाहीत?"

खोब्रागडेंनी प्रत त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली आणि गुंडाळली.

"वहिनी, ज्यांना धड पाहिलं ते सगळे गेले. तुम्हीही आमच्या घरात जरा कमी पाहा, म्हणजे आम्ही टिकू."